पंच मंडळींनो, बावीस यार्डांचं खळं तेवढं राखा

प्रति,
देवस्थान पंच कमिटी, आमचं गाव,
आणि सुगीनंतर गायरानावर टेनिस बॉल स्पर्धा भरवणारी सगळी युवक मंडळं.

स. न. वि. वि.

परवा खंडेनवमीला आम्ही रोलर पुजला. घरोघरी विळे, कोयते, शिलाई मशीन, मोटरसायकली पुजायचं चाललं होतं, तेव्हा गायरानाच्या कडेला जांभळीखाली आमची आठ-दहा पोरं रोलर धूत होती. पावसाळाभर तो तिथंच पडून होता. दांड्याला गंज धरलेला, आणि एका बाजूच्या बेअरिंगच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. ते काडीनं उकरून काढलं, घासलेटनं पुसलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. शेजारी पोत्यावर तीन बॅटी, चार जोड पॅड, किपिंगचे ग्लोव्हज, दोन हेल्मेट, स्टंप, कागदातला एक नवा लाल बॉल. एकानं माझं गेल्या सालचं स्कोअरबुकही आणून ठेवलं आणि त्याला कुंकू लावलं. म्हटलं, अरे पानं चिकटतील. तर म्हणतो, वही-पुस्तक पुजायचाच दिवस आहे की मामा.

आमचा नवा सीझन असा सुरू झाला. पंच मंडळींपैकी कुणी आलं नाही, त्याचा राग नाही. दसऱ्याच्या धामधुमीत तुम्हाला पालखीचं सोडून रोलरचं कुठं सुचणार. पण आता सीमोल्लंघन झालं, सोनं वाटून झालं, पाऊस परतीला लागला, म्हणून गायरानावरचं आमचं क्रिकेटचं पीच राखा हे सांगायला हे पत्र. कमिटीच्या कट्ट्यावर हेच बोललो असतो. पण तिथं मी तोंड उघडलं की कुणीतरी ‘बॅट-बॉलवाला आला’ म्हणतो, सगळे हसतात आणि चहा येतो. चहा झाला की विषय संपतो. लिहिलेलं निदान शेवटपर्यंत वाचावं तरी लागतं.

आधी माझं सांगतो, कारण मंडळांतल्या नव्या पोरांना मी माहीत नसेन. मी बेळगावला उद्यमबागेत ओतकामाच्या कारखान्यात आहे. आमच्या लेदर बॉल क्रिकेट क्लबचा सेक्रेटरी मीच, स्कोअरर मीच, आणि अंपायर आला नाही की कोट घालून अंपायरही मीच. क्लब म्हणजे तरी काय, एक पत्र्याची ट्रंक, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि एकोणीस पोरं. रोलर आम्हीच केला. मोडीत निघालेला दोन फुटी पाइप मिळाला, आत काँक्रीट भरलं, आमच्याच विकेटकीपरनं दांडा वेल्ड करून दिला. पाऊण टनाच्या आसपास भरतो. ओढायला सहा जण लागतात, आणि सहावा नेहमी चहा आणायला गेलेला असतो.

आता मुद्द्याचं. गेल्या साली दिवाळीनंतरच्या रविवारी आमची पहिली मॅच होती, चंदगडकडच्या एका गावाबरोबर. महिनाभर आम्ही पीच तयार करत होतो. शुक्रवारी शेवटचं पाणी मारलं, शनिवारी सकाळी शेवटचा हलका रोलर फिरवला. रविवारी सहाला मी चुन्याचा डबा घेऊन मैदानावर गेलो. दव पडलं होतं. लांबून पीच नेहमीसारखं दिसलं, म्हणून क्रीज आखायला वाकलो, तर चुन्याची रेघ मध्येच खाली गेली. ट्रॅक्टर. रात्री कुणीतरी भाताची ट्रॉली जवळच्या वाटेनं नेली होती, पीचच्या एका टोकातून तिरकी. टायरच्या नक्षीचे ते व्ही-व्ही उमटलेले, बोट घातलं तर पहिलं पेर आत जात होतं. ट्रॅक्टर कुणाचा ते मला माहीत आहे. नाव लिहीत नाही. त्याला वाईट वाटलं असणार, कारण त्यानंतर दोन आठवडे तो मला बघून गल्ली बदलत होता.

चंदगडची पोरं दीड तास प्रवास करून आली होती. त्यांना परत कसं पाठवायचं? चर मातीनं बुजवले, वरून काथ्याची मॅट ठोकली आणि खेळलो. सहाव्या ओव्हरला गुड लेंग्थचा एक बॉल त्या नक्षीच्या उंचवट्यावर पडला असणार. तो उसळला आणि आमच्या ओपनरच्या उजव्या अंगठ्यावर बसला. ग्लोव्हज होते, तरी हाड मोडलं. माझ्या स्कोअरबुकात त्याच्यापुढं ‘रिटायर्ड हर्ट ११’ एवढंच लिहिलेलं आहे. पण त्याच्या घरी भात कापायचं राहिलं होतं, बाप नाही, आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. त्याच्या आईनं मजुरी देऊन माणसं लावली. पुढं महिनाभर ती बाई मला बाजारात भेटली की काही बोलायची नाही, फक्त पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची.

मंडळी, पीच म्हणजे काय ते मी तुम्हाला क्रिकेटच्या भाषेत सांगत बसत नाही. तुम्ही सगळे शेतकरी. पीच म्हणजे खळं.

माझे आजोबा खळं कसं करायचे ते तुमच्यापैकी निम्म्यांनी बघितलंय. जागा निवडायची, गवत खरवडायचं, पाणी मारायचं, मुरू द्यायचं, चोपण्यानं चोप चोप चोपायचं, वर शेणकाला सारवायचा, मग मध्ये तिवडा, म्हणजे मळणीच्या बैलांचा खांब, रोवायचा. माती फार ओली असताना चोपली तर चोपण्याला चिकटून वर येते, आणि फार वाळल्यावर चोपली तर दबतच नाही, भुगा होतो. मधली जी वेळ असते, अंगठा दाबला तर ठसा उमटतो पण माती अंगठ्याला लागत नाही, ती धरायची. आम्ही रोलर त्याच वेळेला फिरवतो. मला हे कुठल्या कोचनं शिकवलं नाही. आजोबांच्या खळ्यावर शिकलो. आणि त्यांच्या खळ्यात चप्पल घालून कुणी पाय टाकला तर ते चोपणं हातात घेऊन उठायचे, पाहुणा असो नाहीतर जावई.

तर आमचं खळं २२ यार्ड लांब, म्हणजे २०.१२ मीटर, आणि १० फूट रुंद. आमच्या भागातली तांबडी माती त्याला चालत नाही. पावसात वाहते, उन्हात भुसभुशीत होते. म्हणून तीन वर्षांमागं बैलहोंगलच्या बाजूनं काळी चिकण माती ट्रॉलीनं आणली, खाली मुरूम, वर चार इंच काळी. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळताना आकसून घट्ट होते. तिला तडे जाऊ नयेत, मातीला धरून ठेवावं, म्हणून वर हरळी लावली. हरळी बांधावर शेतकऱ्याची वैरीण, आमच्या पीचवर तीच लक्ष्मी. पीच झालं की नाही हे बघायला मी बॉल खांद्याच्या उंचीवरून सोडतो आणि कान देतो. ‘थप्प’ वाजलं तर अजून आठवडा. ‘ठक्क’ वाजलं तर चुना आणा.

तुमची अडचण मला कळते. एवढी सपाट, टणक जागा गावात दुसरी नाही. डांबरी रस्त्यावर भात पसरलं तर बस, टेम्पो जातात. आमच्या पीचवर पसरलं तर खडा लागत नाही, की माती मिसळत नाही. एका काकूंनी तर मला सरळ सांगितलं, ‘बाळा, तुमचं खळं बेस आहे, आमचं कुठलं असं!’ मी काय बोलणार. एका अर्थी कौतुकच ते. पण त्यांनी पसरलेलं भात पायानं उलथताना हरळी उपटते, आणि मळणीला ट्रॅक्टर गोल फिरवला की महिन्याचं काम अर्ध्या तासात जातं. गायरान भातासाठी आहेच. सगळं वापरा. त्यातला दहा फुटांचा एक पट्टा तेवढा सोडा. आम्ही चार खुंट्या रोवून सुतळी बांधतो. ती सुतळी गेल्या साली तीनदा गेली. एकदा ती एका म्हशीच्या गळ्यात सापडली.

आता मंडळांच्या पोरांना. तुमच्या टेनिस बॉल स्पर्धेवर माझा राग आहे असं कुणी पसरवलंय. खोटं आहे. मी स्वतः पंधरा वर्षं टेनिस बॉल खेळलो. हाफ पीच खेळलो, अंडरआर्म खेळलो, रात्री फोकसच्या उजेडात किडे खात फिल्डिंग केली. एकदा फायनलला बक्षीस म्हणून बोकड मिळाला. तो घरी नेईपर्यंत टीममधल्या अकरा जणांनी त्याचे बारा वाटे केले होते, बारावा अंपायरचा. ती मजा लेदर बॉलमध्ये नाही, खरं सांगतो. आमच्या मॅचला बायका-पोरं बघायला येत नाहीत. एक म्हातारा येतो, तोही त्याची गाय चरत असते म्हणून.

पण एक हिशेब बघा. टेनिस बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा. लेदरचा १५६ ते १६३. जवळजवळ तिप्पट, आणि आत कॉर्क. टेनिस बॉल खड्ड्यात पडून उसळला तर बरगडीवर लाल वळ उठतो, चार जण हसतात. लेदर बॉल उसळला तर काय होतं ते वर लिहिलं. म्हणजे टेनिसला चांगलं पीच लागतच नाही, कुठंही स्टंप रोवा आणि खेळा. लेदरला त्यावाचून खेळताच येत नाही. असं असून तुम्ही दर साली स्टंप बरोबर आमच्या पट्ट्यावर रोवता, का तर टीव्हीवर विकेट मैदानाच्या मध्यावर असते! पंचवीस पावलं पूर्वेला सरका. तिथं जमीन चांगली आहे, मी स्वतः फिरून बघितलीय. उलट तिकडून शाळेची भिंत लांब पडते, सिक्सर मारायला ताकद लागेल, स्पर्धेचा दर्जा वाढेल. आणि स्टेजचे बांबू, डीजेची गाडी, पाहुण्यांच्या जीपा हे सगळं जांभळीच्या बाजूला. एका बांबूचा खड्डा बुजवून पुन्हा पीचसारखा टणक करायला मला तीन आठवडे लागतात.

‘लेदरवर खेळून पोरांना काय मिळतं?’ हे मागच्या बैठकीत एका तात्यांनी विचारलं होतं. रोख काही मिळत नाही. बोकड तर नाहीच. पण कर्नाटक क्रिकेट असोसिएशनच्या धारवाड विभागात बेळगाव येतं, आणि त्या विभागाच्या लीगला, निवडचाचणीला टेनिस बॉलवरचे सिक्सर मोजत नाहीत. सुनील जोशी गदगचे, याच भागातले. त्यांनी भारताकडून १९९९ मध्ये नैरोबीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १० ओव्हर टाकल्या, ६ मेडन, ६ रन, ५ विकेट. माझ्या पोरांना मी हे स्कोअरबुकात लिहून दाखवतो, कारण नुसतं सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. रोनित मोरे तर बेळगावचाच, कर्नाटकाकडून रणजी खेळला, आयपीएलपर्यंत गेला. ऑटोनगरच्या स्टेडियमवर २०१९ मध्ये इंडिया ए आणि श्रीलंका ए ची मॅच झाली, तेव्हा आम्ही तिघं शिफ्ट बुडवून गेलो होतो. अभिमन्यु ईश्वरननं २३३ मारले. आमच्यातला एक पोरगा मॅच बघायची सोडून ग्राउंडच्या माणसाला विचारत होता, रोलर किती टनाचा. त्याला मी तिथंच क्लबचा व्हाइस कॅप्टन केला.

आणि ‘क्लबात गावाबाहेरची पोरं आहेत, मग गावाचं मैदान कशाला’ हा मुद्दा. आहेत की, चार आहेत. त्यातला एक कन्नड मास्तरांचा मुलगा, मास्तर गोकाकच्या बाजूनं बदलून आले. पहिल्याच मॅचला तो आणि आमचा एक गावठी बॅट्समन एकत्र खेळत होते. आमच्या पठ्ठ्यानं बॉल कव्हरला ढकलला आणि ओरडला, ‘हो! हो!’ म्हणजे चल, पळ. त्या पोरानं ऐकलं ‘होगु’, कन्नडमध्ये ‘जा’. तो दोन पावलं पुढं आला होता, तसाच मागं फिरला आणि क्रीजमध्ये उभा राहिला. आमचा पठ्ठ्याही तिथंच पोचला. दोघं एकाच टोकाला, एकमेकांकडं बघत. दुसऱ्या टोकाला फिल्डरनं निवांत चालत जाऊन बेल्स पाडल्या. तेव्हापासून क्लबात नियम केला, रनचा कॉल फक्त ‘येस, नो, वेट’. आऊट झाल्यावरचं भांडण मात्र ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत करायचं. आज तोच पोरगा रोलरला सगळ्यात आधी हात लावतो, आणि गावातली दोन पोरं चहाच्या किटलीला. तेव्हा बाहेरचं कोण, हे मला जरा समजावून सांगा.

वारपाळणुकीचंही एक राहिलं होतं. वार पाळायच्या दिवशी शेतात कुणी जात नाही, पोरं मोकळी असतात, म्हणून आम्ही त्या दिवशी रोलर काढला. तर रोलर ओढणं हे शेतकामात धरायचं की नाही, यावर दोन पंचांत तासभर वाद झाला म्हणे. आम्ही दोघांचाही मान राखतो. यंदा त्या दिवशी रोलर हलणार नाही. गवत मात्र हातानं वेचू, ते देवाच्या अंगणातही वेचतातच.

यंदा पहिली मॅच दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी. पुढं वळीव सुरू होईपर्यंत रविवार आणि एखादा शनिवार, एवढाच आमचा सीझन. त्या दिवसांत सकाळी सात ते दुपारी तीन पट्टा आमचा, बाकी गायरान चोवीस तास गावाचं. कमिटीनं एवढं लिहून दिलं तर मी तो कागद लॅमिनेट करून जांभळीला टांगेन, मराठी आणि कन्नड दोन्हीत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा वाद २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आमच्या पट्ट्याला तेवढा वेळ लावू नका. सुतळीनं भागत असलेली सीमा आहे ही.

बदल्यात आम्ही काय देणार? पैसे नाहीत, ते तुम्हालाही माहीत आहे. पण सुगीत ज्यांच्या घरी माणसं कमी आहेत त्यांनी आदल्या दिवशी सांगावं, क्लबाची सहा पोरं भात गोळा करायला अर्धा दिवस येतील. ताडपत्र्या दोन आमच्याकडं आहेत, भात वाळवायला न्या, मॅचच्या आदल्या रात्री परत द्या; दवापासून पीच झाकायला लागतात. आणि मंडळांनो, तुमच्या स्पर्धेला आमचे दोन अंपायर फुकट. अंपायर खरंच लागतील तुम्हाला. गेल्या साली सेमीफायनलला कॅच आऊटनंतर स्ट्राइकला कोण यावर बॅटी उगारल्या होत्या. २०२२ च्या ऑक्टोबरपासून नियम बदललाय: दोघे क्रॉस झाले असले तरी नवा येणाराच स्ट्राइक घेतो, ओव्हर संपली असेल तर गोष्ट वेगळी. त्या दिवशी दोन्ही बाजू शपथेवर जुना नियम सांगत होत्या, तोही वेगवेगळा.

एकच मागणं आहे ज्याला थोडा खर्च येतो. देवळाच्या विहिरीवरची मोटर आठवड्यातून दोनदा, पहाटे वीस मिनिटं. पाणी पहाटेच मारावं लागतं. ऊन चढल्यावर मारलं की वरचा थर आधी वाळतो आणि खाली चिखल राहतो, मग रोलर फिरवला की पापुद्रा सुटतो. लाइटचं बिल किती येतं ते सांगा, वर्गणीतून भरू. गेल्या साली आम्ही बादल्यांनी पाणी घातलं. पोरं दमतात आणि पाणी एका जागी जास्त, एका जागी कमी पडतं. त्याचा परिणाम सहाव्या ओव्हरला दिसतो.

त्या ओपनरचा अंगठा आता बरा आहे. थोडा वाकडा राहिलाय, ग्रिप बदलावी लागली. परवा पूजेला आला होता, आणि मागं त्याची आई उभी होती. तिनं रोलरला कुंकू लावलं, पोराच्या पॅडला लावलं. मग पीचकडं गेली, कडेला चप्पल काढली आणि अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. कुठं दबलंय, कुठं उंच आहे, पायानं चाचपत. परत येऊन म्हणाली, ‘शाळेकडच्या टोकाला अजून मऊ लागतंय.’ मी जाऊन अंगठा दाबला. खरंच होतं.

तिथं पाणी नको, उलट दोन दिवस उघडं ठेवायचंय. बाकीच्या भागाला मंगळवारी पहाटे पहिलं पाणी द्यावं लागेल. तुमची बैठक सोमवारी रात्री आहे. निर्णय काय होईल तो होईल, मोटरच्या खोलीची किल्ली सध्या कुणाकडं आहे तेवढं त्याआधी कळवावं.

कळावे,
आपला,
क्लबचा सेक्रेटरी आणि स्कोअरर